हिरव्या खुणेचं मूळ गाव

आमच्या घरात कुणी नाव सांगितलं म्हणून ते खरं मानायची पद्धत नाही. बाबा नाशिकच्या रामकुंडावरचे उपाध्ये. बाहेरगावचा यजमान समोर येऊन आडनाव सांगतो आणि बाबा ते ऐकलंच नाही असा चेहरा करतात. "गाव कोणतं? ते हल्लीचं झालं. मूळ गाव? आजोबांचं नाव? ते कुणाबरोबर आले होते?" एवढं जुळलं तरच आधी येऊन गेलेल्या घराण्यांच्या नामावळीची वही उघडते आणि त्या माणसाला आपल्या आजोबांची सही बघायला मिळते. हा संशयी स्वभाव मला बाबांकडून आयता मिळाला. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात, माझ्या ऑफिसात त्यावरून माझी भरपूर थट्टा होते.

बाबांना काचबिंदू झाला आणि हळूहळू वह्या वाचणं सुटलं. वही वाचता येत नाही तो उपाध्या घाटावर बसून करणार काय? ते बोलून दाखवत नव्हते, पण सकाळी निघायला उशीर करायला लागले होते. मग मी कित्येक रविवार बसून वह्या टाइप केल्या. माझ्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स होतं आणि त्यात मराठी मजकूर वाचून दाखवणारा एक प्रोग्राम होता. बाबा चाचपडत गावाचं नाव टाइप करायचे आणि इअरफोनमधला आवाज त्या गावची घराणी एकेक करून सांगायचा. आवाज सर्दी झालेल्या माणसाचा वाटायचा. तरी बाबांचा त्याच्यावर विश्वास बसला. बाबांचा विश्वास बसतो म्हणजे काय, ते आमच्या घरालाच माहीत.

गेल्या वर्षी तो लॅपटॉप कायमचा गेला. नवा आणला. त्यावर काय चढवायचं, याचा मी तक्ता करायला घेतला.

लिनक्स एकच नसतं. जगभरातले वेगवेगळे गट ते आपापल्या पद्धतीने बांधून फुकट देतात आणि प्रत्येकाचं स्वतःचं प्रोग्रामांचं कोठार असतं. कोठारातल्या प्रत्येक वस्तूला पॅकेज म्हणतात. कुणाच्या कोठारात काय आहे, हे शेजारी शेजारी मांडून दाखवणारी एक वेबसाइट आहे. असेल तिथे हिरवी खूण, नसेल तिथे रिकामं. मी तीन गट निवडले. पहिला जुनंच पण तावून सुलाखून देणारा. दुसरा दर सहा महिन्यांनी कात टाकणारा. तिसऱ्याकडे रोज काहीतरी नवं.

पहिल्याकडे मराठी आवाज होता, पण नव्या लॅपटॉपचं वायफाय त्याला ओळखता येईना. शिवाय त्या आवाजाच्या पॅकेजपुढे 'अनाथ' असा शेरा होता, म्हणजे सांभाळणारा सोडून गेलेला. दुसऱ्याकडे आवाजच नव्हता. तिसऱ्याकडे मात्र सगळीकडे हिरवंगार. मला तिथेच खटकलं. एवढं सगळं एकाकडेच असतं का कधी? मी पॅकेजच्या तारखा पाहिल्या, आवृत्त्यांचे आकडे जुळवले, दोनदा खात्री केली.

"उपलब्ध आहे म्हणतात, बाबा."

"नुसतं नाव आहे की माणूस आहे?" बाबांनी विचारलं.

मला ते ऐकून हसू आलं. तिसरं चढवलं आणि चाचणीला एक वाक्य टाइप केलं, 'नाशिक गोदावरीच्या काठावर आहे.' आवाज स्वच्छ आला, आधीच्यापेक्षा गोड. बाबा खूश झाले. मीही झाले, आणि तिथेच फसले.

दुसऱ्या दिवशी रविवार होता, म्हणून बाबांना घाटावर सोडून मी तिथेच पायरीवर चहा घेत बसले. पहिलंच गिऱ्हाईक म्हणजे एक माणूस आणि त्याची म्हातारी आई. त्यांचं आडनाव इथे लिहीत नाही, त्यात एक ळ आहे एवढं पुरे. बाबांनी गाव टाइप केलं, कानातलं ऐकलं आणि मान हलवली.

"तुमचं घराणं आमच्याकडे नाही. पलीकडे विचारा."

"नाय कसं? आमच्या आजाची सही हाय इथं. लय लांबून आलोय, महाराज."

"त्या गावचे आहेत आमच्याकडे, पण दुसरे. तुम्ही नव्हे."

म्हातारीने पायरीला हात लावून नमस्कार केला आणि दोघं गर्दीत शिरली.

नंतर देवळालीचं एक कुटुंब आलं. बाबांनी गाव टाइप केलं, ऐकलं आणि ताडकन इअरफोन काढला. "हा देवलाली म्हणतोय," ते म्हणाले. "देवलाली! याला ळ येत नाही!" आणि मग त्यांचा चेहरा उतरला. सकाळचं ते आडनावही त्याने ळ चा ल करूनच वाचलं होतं. ते काठी न घेताच उठले. मी त्या मायलेकांना शोधायला धावले, कुंडाला दोन फेऱ्या मारल्या, बस स्टँडपर्यंत गेले. ती दोघं दिसली नाहीत.

घरी येऊन तिसऱ्याचं ते आवाजाचं पॅकेज उघडून पाहिलं. आत काहीच नव्हतं. नाव मराठीचं आणि आत एका ओळीत हिंदी आवाजाकडे दाखवलेलं बोट. वेबसाइटने नाव पाहून हिरवी खूण दिली होती. आणि मी, उपाध्यांची मुलगी, तारखा तपासत बसले. मूळ गाव विचारलं नाही. चाचणीच्या वाक्यातसुद्धा एक ळ घातला नाही. माझा मला इतका राग आला की जेवण गेलं नाही.

"पहिल्याकडे खरा आहे," मी म्हटलं. "पण अनाथ आहे."

"मग दत्तक घे," बाबा म्हणाले. लिनक्सवाल्यांतही याला दत्तक घेणंच म्हणतात, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

महिनाभर खटपट करून मी तो जुना आवाज नव्या लॅपटॉपवर बांधला आणि सांभाळणारीच्या जागी माझं नाव दिलं. त्याने त्या मायलेकांच्या घराण्याचं आडनाव उच्चारलं, सर्दी झालेल्या आवाजात, पण ळ अगदी ठसठशीत. बाबा बराच वेळ तेच ऐकत राहिले.

मग त्यांनी कागदाची वही मागितली. मी लिहिते म्हटलं तर नको म्हणाले. त्या रविवारची तारीख, गाव, आडनाव. खाली, 'आईला घेऊन आले होते. मी ओळखलं नाही.' ओळ उतरत उतरत पानाच्या कडेला गेली. यजमानाच्या सहीसाठी त्यांनी बोटांनी मोजून जागा सोडली.

आता त्या गावचं कुणी आलं की बाबा एकही प्रश्न विचारत नाहीत. आधी ते पान उघडून पुढे करतात. सहीची जागा अजून कोरी आहे.