उचलू नका रे कोणी

फोन काकींचा होता. "वैशू, हे गेले गं," एवढंच त्या बोलल्या आणि फोन शेजारणीच्या हातात दिला. सकाळी चहा पिताना दिगूकाका खुर्चीवरून घसरले, हॉस्पिटलात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. मी ऑफिसातून तशीच परळला त्यांच्या चाळीत गेले. बाहेरच्या खोलीत त्यांना पाठीवर निजवलं होतं. मला ते विचित्र वाटलं. गेलेल्या माणसाला असंच निजवतात, कळतं मला... पण या माणसाला मी जमिनीवर पाहिलं होतं ते कायम पालथं.

दिगूकाका पोस्टात नोकरीला होते आणि लालबाग-परळच्या मैदानांत पोरापोरींच्या कबड्डीचे पंच. पांढरा शर्ट, पांढरी पँट, गळ्यात शिट्टी. कुणी मानेवर किंवा पाठीवर पडलं की काका शिट्टी मारायचे आणि सरळ त्या पोराच्या तोंडासमोर पालथे पडायचे, मातीत हनुवटी टेकून. का, तर पडलेल्याला त्यांच्याकडे बघायला मान वळवावी लागू नये. लोकांना मजा वाटायची. "पंच झोपला रे, उशी द्या कोणीतरी," अशी आरोळी हमखास यायची. काकांचं एकच वाक्य असायचं, "उचलू नका रे कोणी." आता आमच्या वस्तीला हे सांगायचं म्हणजे कठीणच. आम्ही गणपतीची मूर्ती उचलतो, हंडीचे थर उचलतो, जिंकलेल्याला खांद्यावर घेतो. मग पडलेल्याला उचलायला धावणार नाही का?

मी अकरावीत असताना भोईवाड्यातल्या एका सामन्यात चढाईला गेले, एकीने घोटा धरला, दुसरीने कंबर, आणि मी डोक्यावर आले. मानेत कळ गेली आणि हातांना मुंग्या आल्यासारखं झालं. डोळे उघडले तर समोर काकांच्या मिशा, मातीने भरलेल्या. माझे बाबा दोरी ओलांडून धावत आले. गिरणी बंद पडल्यावर वॉचमनची नोकरी करणारा माणूस, मुळात डोकं तापट. "पोरगी पडलीय माझी, आणि हा हिच्याशी गप्पा काय मारतोय?" काका मान वर न करता म्हणाले, "दादा, शिव्या घाला, पण हात लावू नका." मग मला म्हणाले, "वैशू, नुसत्या डोळ्यांनी बघ माझ्याकडे. पायाची बोटं हलव. शाब्बास." मी विचारलं, "काका, पॉइंट मिळाला का?" "मिळाला. आता गप पडून राहा." पॉइंट मिळाला नव्हता. पंच म्हणून त्यांनी दिलेला तेवढा एकच खोटा निर्णय मला माहीत आहे.

मंडपवाल्याची फळी आणून, डोकं दोन्ही हातांत धरून त्यांनी मला तिच्यावर घेतलं. मणक्याला चीर होती. "हातपाय धरून उचललं असतं तर..." एवढं बोलून डॉक्टर थांबले. बाबा नंतर काकांच्या घरी गेले आणि नुसते बसून आले. मी गळ्यात पट्टा बांधून बारावीची परीक्षा दिली, पुढे बी.कॉम. झाले. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. ही फुशारकी आहे, असू दे. त्या फुशारकीत काकांचा वाटा आहे म्हणून मुद्दाम लिहिते.

त्यांना हे कुणी शिकवलं, असं मी एकदा विचारलं. त्यांनी डावा हात पुढे केला. मूठ अर्धीच वळायची. तरुणपणी ते स्वतः असेच पडले होते आणि त्यांच्याच मंडळाच्या पोरांनी त्यांना झोळीसारखं उचलून बाहेर नेलं. "प्रेमानेच उचललं गं," ते म्हणाले. "रागवायचं तरी कोणावर?"

पुढे मुलांच्या एका फायनलमध्ये एक खेळाडू डोक्यावर आपटला, उठला आणि चुकीच्या बाजूला जाऊन उभा राहिला. काकांनी सामना थांबवला. पाहुणे खोळंबले होते. मंडळाचे चिटणीस आले. "दिगू, पोरगा उभा राहिलाय ना? खेळू दे की. तू पंच आहेस, डॉक्टर नाहीस."

"म्हणूनच थांबवतोय."

त्यानंतर काकांना बोलावणं कमी होत गेलं आणि मग बंदच झालं. तरी ते प्रत्येक बैठकीला जायचे. नाणेफेकीच्या आधी स्ट्रेचर आहे का बघा, जखमीला कसं हलवायचं हे माहीत असलेला एक तरी माणूस मैदानात ठेवा, ती जबाबदारी पंचाची धरा... दरवेळी उत्तर तेच, पुढच्या वर्षी बघू. शेवटी त्यांनी सुताराकडून एक जाड फळी करून घेतली, दोन्ही कडांना धरायला खाचा पाडलेली, आणि मंडळात नेऊन ठेवली. "माझ्या माघारी एवढी वापरा," म्हणाले. चिटणीस हसले. "तू कुठे चाललायस एवढ्यात?"

काका गेल्यावर मंडळाने त्यांच्या नावाने मुलींचे सामने ठेवले. मी काकींना घेऊन गेले. दाराशीच टेबल मांडून त्यावर काकांचा फोटो, हार, उदबत्ती. संध्याकाळी दुसऱ्या सामन्यात एक मुलगी चढाईत आडवी पडली, मानेवर. मी ओरडले, पण स्पीकरवर पाहुण्यांचा सत्कार चालला होता. चार पोरं धावली, दोघांनी काखेत, दोघांनी पायांना धरलं, आणि तिचं डोकं मागे लोंबकळलं. पंच तरुण होता, शिट्टी तोंडात धरून बघत राहिला. मी फळी शोधायला मंडळाच्या खोलीकडे धावले, तर काकी फोटोकडे बोट दाखवत उभ्या होत्या. फोटोखालचा टेबलक्लॉथ जरा सरकला होता. खाली फळीच्या त्या खाचा दिसत होत्या.

"काळजी करू नका मॅडम," चिटणीस म्हणाले, "आपल्या पोरांनी लगेच उचललं तिला." सामना पुन्हा सुरू झाला. मुलगी अजून हॉस्पिटलात आहे. तिच्या आईला भेटले. पोरीच्या डाव्या हाताची मूठ वळत नाही, म्हणाली. पोरांचे आभार मानत होती.

चिटणिसांशी मी भांडून आले. पुढच्या वर्षी बघू, म्हणाले.

परवा काकींकडे गेले होते. कपाटातून त्यांनी पंचाचा शर्ट काढून दाखवला. किती साबण लावले, म्हणाल्या, पण छातीवरची तांबडी माती निघतच नाही. शर्ट पालथा करून त्यांनी मांडीवर पसरला. पाठ नव्यासारखी पांढरी होती. काकी तिच्यावरूनच हात फिरवत राहिल्या.