डूखकाकांची मागची खोली

पौडच्या एसटी स्टँडसमोरच्या हॉटेलात डूखकाका कधी चहा प्यायले नाहीत. तिथल्या मालकानं एकदा त्यांच्या मागून आलेल्या गिऱ्हाइकाला आधी चहा दिला होता. काका उठले, तहसील कचेरीजवळच्या टपरीवर गेले, तिथून ग्लासात चहा घेतला आणि परत येऊन याच हॉटेलासमोर उभे राहून सावकाश प्यायले. मग हा रोजचाच रिवाज झाला आणि कित्येक वर्षं चालला. एवढं चालत येईपर्यंत चहा कोमट होत असणार. मी तसं म्हटलं तर म्हणाले, "मला कोमटच लागतोय. पर त्याला गरम दिसतोय."

त्यांचं खरं नाव घेणारं पौडात कुणी उरलं नव्हतं. पिरंगुटच्या एका कारखान्यात ते यंत्रदुरुस्ती करत. निवृत्त झाल्यावर माझ्या फ्लेक्सच्या दुकानात येऊन बसायला लागले. माफी या विषयावर त्यांचं एकच मत होतं. "देव माफ करतोय, म्हणून तर देवळात तीच तीच मान्सं परत येत्यात." मला हे मनापासून पटायचं. मी याद्या करून जगणारी बाई आहे. झालं गेलं गंगेला मिळालं असं लोक म्हणतात, पण गंगेला काय काय मिळालं, याची नोंद कुणीतरी ठेवायला नको का? काका ठेवायचे, डोक्यात.

माझ्या कॉम्प्युटरवर त्यांनी दोन सिस्टिम बसवल्या होत्या. छोट्या, वेगवान डिस्कवर विंडोज, कारण फ्लेक्स छापायचं मशिन दुसऱ्या कशाला जुमानत नाही. मोठ्या, जुन्या डिस्कवर लिनक्स. तिथं माझे मराठी फॉन्ट, सगळी डिझाइनं आणि तालुक्यातल्या माणसांचे फोटो. विंडोजला ते ओटी म्हणत आणि लिनक्सला मागची खोली. सकाळी बटण दाबलं की पडद्यावर दोन ओळी यायच्या आणि कुठं जायचं ते आपण निवडायचं. काकांना याचं भारी कौतुक. "यंत्र बी इचारतंय बघ. मान्सं कुटं इचारत्यात?" ते स्वतः मात्र विचारायचे. इतकी वर्षं माझ्या दुकानात बसून, माउसला बोट लावण्याआधी दर वेळी, "ताई, हात लावू का?"

न विचारणारा माणूस आमच्याच ओळीत होता. शिंप्याच्या दुकानाला लागून त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. सगळे त्याला शेट म्हणत. शेटकडे सगळ्या रोगांवर एकच औषध. पडद्यावर रेघ आली, फॉरमॅट. माउस अडकला, फॉरमॅट. कुणाच्या लग्नाचे फोटो गेले, कुणाच्या पोराचा प्रोजेक्ट गेला, तरी शेट म्हणायचा, "पण आता कसं पळतंय बघा."

एकदा माझ्या कॉम्प्युटरचा पंखा घरघरायला लागला. काका तेव्हा महाळुंग्याला लेकीकडे होते. मी मशिन शेटकडे दिलं आणि वर चिठ्ठी चिकटवली, फक्त पंखा बदलणे. दुपारी मशिन परत आलं. पंखा नवा होता. विंडोजही नवं होतं.

सुरू केलं तर त्या दोन ओळी आल्याच नाहीत. थेट कोरा, निळा पडदा. शेट दारात हसत उभा. "ताई, फुकटात फॉरमॅट मारून दिलाय. घरचंच समजा."

त्याच वेळी बाकावर कोळवणच्या सुमनताई बसल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या मालकांची दशक्रिया होती आणि घाटावर लावायचा श्रद्धांजलीचा फ्लेक्स न्यायला त्या आल्या होत्या. मालकांचा एकमेव चांगला फोटो मी काढलेला होता, दुकानाबाहेर जीपमधून तांदळाची पोती उतरवताना, हसतानाचा. बॅकअप मी दर महिन्याच्या एक तारखेला घेते. फोटो त्यानंतरचा होता. म्हणजे तो फक्त मागच्या खोलीत होता.

"माझ्याकडं आधारकार्डावरला हाय," सुमनताई म्हणाल्या. "पर त्यात त्ये न्हाईतच. चोर धरून आणल्यावानी दिसत्यात."

तेवढ्यात पडद्यावर एक प्रश्न उमटला. दुसरी डिस्क वापरायची तर आधी फॉरमॅट करावी लागेल, करायची का? विंडोजला लिनक्सची डिस्क वाचता येत नाही, म्हणून ते तिला कोरीच समजतं. शेट लगबगीनं पुढं झाला. "मारू का ही पण?" त्याचा हात माउसवर पडायच्या आत मी त्याचं मनगट धरलं. परक्या पुरुषाचा हात इतका आवळून मी जन्मात कधी धरलेला नाही.

"अहो, जाईल तर जाईल," मनगट चोळत तो म्हणाला. "ते लिनक्स वापरतंय कोण?"

मी त्याला दुकानाबाहेर काढलं आणि काकांना फोन लावला. ते येईपर्यंत मी एक यादी केली. शेटच्या दारात उभं राहून ओरडणे. त्याच्या फ्लेक्सची ऑर्डर न घेणे. त्याच्या बायकोला सगळं सांगणे. काकांनी आल्या आल्या ती वाचली, चुरगाळली आणि टोपलीत टाकली. "ह्यात काम कुटं हाय? नुसतं त्वांड हाय. त्वांडाचं भांडान सांजच्याला संपतंय. कामाचं पुरतंय."

मग माझ्याकडे न बघता सुमनताईंकडे वळले. "तुमच्या मालकांचं हाय. हात लावू का?" त्यांनी मान हलवली.

काकांनी पेनड्राइव्ह लावला, त्यावरच्या लिनक्सनं मशिन सुरू केलं आणि मोठी डिस्क उघडली. सगळं जागच्या जागी होतं. "दार पाडलंय त्यानं. खोली शाबूत हाय." आधी त्यांनी तो फोटो पेनड्राइव्हवर काढून घेतला. सुमनताईंनी पडद्याजवळ येऊन पाहिलं, "व्हय, ह्येच," एवढंच म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून परत बाकावर बसल्या.

पण नुसत्या फोटोनं फ्लेक्स होत नाही. फॉन्ट आणि डिझाइन आत, छपाई ओटीवर. दोन्ही दारं उघडी लागणार होती. त्या दोन ओळी दाखवणारा छोटा प्रोग्रॅम वेगवान डिस्कवर होता आणि फॉरमॅटमध्ये पुसला गेला होता. काकांनी पेनड्राइव्हवरून मागच्या खोलीत शिरून तो नव्यानं बसवला. मशिन पुन्हा सुरू केलं. थेट विंडोज! मी कपाळाला हात लावला. काका मात्र खुलले. "शेटचा हात लागलाय. लगीच कसं वळंल?" मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये जाऊन त्यांनी क्रम बदलला. विचारणारा आधी, विंडोज मागून. आता लिनक्स आलं, पण विंडोजची ओळच दिसेना.

"राहू द्या ना काका," मी म्हटलं. "शेटचं विंडोज नकोच मला."

"मंग छापनार कशावर? पाटावर? येड्यावानी करू नगंस. सूड घ्यायचा तर आपली बाजू फुटकी नसावी." त्यांनी त्या प्रोग्रॅमला बाकीच्या सिस्टिम शोधायला लावलं. पुढच्या वेळी पडद्यावर दोन ओळी आल्या, पूर्वीसारख्याच. छपाईचं सॉफ्टवेअर सीडीवरून परत घातलं आणि दिवेलागणीला फ्लेक्स मशिनमधून सरकत बाहेर आला. आधी कपाळ, मग डोळे, मग हसू.

सुमनताई गुंडाळी छातीशी धरून एसटीला निघाल्या. वाटेत शेटच्या दुकानासमोर थांबल्या. शेटनं नजर खाली घालेपर्यंत बघत राहिल्या आणि मग गेल्या. काकांच्या चेहऱ्यावर मी इतका आदर कधी पाहिला नव्हता. "ही आपल्यातली हाय," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून काकांनी बसायची जागा बदलली. शिंप्याच्या बाकावर, शेटच्या दाराला चिकटून. कुणी मशिन घेऊन आलं की काका गोड आवाजात विचारायचे, "पोरा, आत डिस्का किती हायेत? काय ठेवायचं, काय पुसायचं, इचारलं का शेटनं?" गिऱ्हाईक चपापायचं. बरेच जण तसेच वळून माझ्याकडे यायचे.

एकदा शेट बाहेर येऊन हात जोडून म्हणाला, "काका, पोटावर का मारताय?"

"मी कुटं हात लावलाय? मी आपला इचारतोय."

"चूक झाली म्हणतोय ना!"

"मला नगं सांगूस. कोळवणला जा. एसटी जातीया."

शेट कोळवणला गेला नाही. काका बाकावरून हलले नाहीत. पाऊस असो, ऊन असो, डबासुद्धा तिथंच खायचे. माझ्या दुकानात फक्त मशिनचं काही अडलं तर यायचे, आणि तेव्हाही मी करायचं, ते बघायचे. पेनड्राइव्ह कसा लावायचा, दार कसं बसवायचं, क्रम कुठं बदलायचा, सगळं त्यांनी माझ्याकडून इतक्यांदा करून घेतलं की शेटनं बिघडवलेले कॉम्प्युटर मी त्यांच्याशिवाय उभे करू लागले.

भातकापणीच्या दिवसांत लेकीच्या घरी काका झोपेतच गेले. त्यांचा फ्लेक्स मीच केला. मागच्या खोलीतला फोटो घेतला, शिंप्याच्या बाकावर बसलेला, डोळे बारीक केलेला. आमच्याकडे खाली शोकाकुल म्हणून ओळीतल्या सगळ्या दुकानांची नावं क्रमानं टाकतात. मीही टाकली. स्टँडवरून आमच्या ओळीत शिरताना डोक्यावर येईल असा तो बांधला.

शेट आला. बराच वेळ नावं वाचत उभा राहिला. शिंप्याच्या आणि शेटपलीकडच्या दुकानाच्या नावांमध्ये एक वीतभर कोरी पट्टी होती.

"ताई, इथं माझं नाव राहिलंय. जागा आहे की."

"राहिलेलं नाही," मी म्हटलं. "फॉरमॅट मारलाय. फुकटात."

दशक्रिया झाली की फ्लेक्स उतरवायचा असतो. मी अजून उतरवलेला नाही.