आजींचा सोमवार

केबिन रोडवरच्या आमच्या बँकेत एक आजी दर सोमवारी येतात. नाव पासबुकावर आहे, पण आम्ही सगळे आजीच म्हणतो. देवळात शिरावं तशा चपला काचेच्या दाराबाहेर काढतात, एसीखालच्या खुर्चीत पदर सावरून बसतात आणि नवी एकही नोंद नसताना पासबुक भरून मागतात.

त्यांनी आपल्या ठेवी या रस्त्यावरच्या सगळ्या बँकांत वाटून ठेवल्यात. जोखीम विभागावी तर अशी, असं मला वाटायचं. पण मार्चमध्ये माझं ठेवींचं टार्गेट अडलं, तेव्हा मीच गळ घातली, “आजी, सगळं आमच्याकडेच आणा ना. व्याजही जास्त देतोय.”

आजी खळखळून हसल्या. “घरात दिवसभर कोनी न्हाय माझ्याकडं. रोज तुझ्याच दारात येऊन बसले, तर तू कंटालशील. आठवड्यातून एकदाच येते, म्हनून तर हौसेनं चा मागवतोस!”

ही जोखीम मला कुठल्याच ट्रेनिंगमध्ये कुणी शिकवली नव्हती. मी चहा मागवला.

टार्गेट हुकलंच. साहेबांनी माझ्या वार्षिक शेऱ्यात लिहिलं, ‘सुधारणा हवी.’

केलीय. आता सोमवारी मी रजा घेत नाही.