तेल लावलेलं डोकं

बाबांच्या केसांवर तेल चकाकताना पाहिलं आणि माझं डोकंच फिरलं. इंजिनिअरिंग कॉलेजातली एक मुलगी जाडजूड कॉम्प्युटर रिक्षात घालून आमच्या गिरीज गावातल्या घरी आली होती. सोबत वायरींची टोपी. डोक्यात चाललेलं टिपून पडद्यावर ‘होय’ की ‘नाही’ दाखवणारी. आणि आईने, पाहुणी येणार म्हणून, बाबांना वाडीतल्या नारळाचं तेल थापून भांग पाडून ठेवला होता!

“तेलावर टोपीच्या या चकत्या चिकटत नाहीत हो, काकू,” मुलगी ओशाळून म्हणाली.

दुखण्याने बाबांचे हात नेले, वाचा नेली, आता पापण्याही हलेनात. श्वास अडेल तेव्हा गळ्याला भोक पाडून यंत्र लावायचं का, हे त्यांनाच विचारा, असं डॉक्टर म्हणाले होते. नाही लावलं तर संपलंच. आईचं एकच, “लावायचंच. त्यात विचारायचं काय?” मी म्हणत होते, जीव त्यांचा आहे.

खुर्चीतच डोकं धुतलं. शिकेकाईचं पाणी नाकात गेलं, ते घुसमटले, ओठ निळे पडले.

“मारताय का माणसाला!” आई ओरडली.

श्वास परतला, तेव्हा कुठे टोपी चढवली. पंख्याने पडद्यावरच्या रेघा थरथरतात म्हणून पंखाही बंद.

“होय म्हणायला उजवा हात हलवताय असं मनात आणा, नाही म्हणायला डावा,” मुलीने समजावलं. पडद्यावरचा ठिपका ढिम्म. शेवटी मीच म्हटलं, “बाबा, केळीचा घड उतरवताय. उजव्या हाताने कोयता मारा, म्हणजे होय. डाव्याने घड तोलून धरा, म्हणजे नाही.”

ठिपका सरकला! हे आपलं घर का? होय. आपण मुंबईत राहतो का? नाही. पुन्हा पुन्हा विचारून खात्री केली.

मग विचारलं, “गळ्याला यंत्र लावायचं का?”

नाही. परत विचारलं. नाही.

“चुलीत घाला तो डबा! त्याला काय कळतंय?” आई कडाडली. मग बाबांच्या पायाशी बसली, त्यांच्या ओल्या केसांकडे बघत राहिली. “अहो, परत तेल लावू ना?”

ठिपका ‘होय’वर गेला आणि तिथेच थांबला.

“बघ, होय म्हणाले!” आई हसत माझ्याकडे वळली. आणि तिचं हसू तिथेच विरलं.

“म्हणजे मघाचं ‘नाही’सुद्धा त्यांचंच गं,” ती म्हणाली, आणि तेलाची वाटी आणायला आत गेली.