अळणी वरण

माझी लेक दहाव्या वर्षी गेली. हे सांगताना आता माझा आवाजसुद्धा हलत नाही. लोक म्हणतात, बाई दगडाची आहे. म्हणू द्या.

ती चार वर्षांची होती तेव्हा बीटीचं बियाणं आमच्या सेनगावकडं आलेलं नव्हतं. कपाशीवर फवारण्यांवर फवारण्या. आमचे मालक पाठीवर पंप घ्यायचे आणि मी बादलीत औषध कालवून द्यायची. घरी आलो की पोरगी आमच्या पायाला चिकटायची. तिला कायमचा खोकला, घट्ट बेडका, खाऊन खाऊनही हाडं वर. मुका घेतला तर खारट. घाम वाळला की कपाळावर पांढरी पूड धरायची. मी मनाशी पक्कं केलं, माझ्या हातचं औषधच लेकराला लागलं. दिवसातून दोनदा तिला साबणानं घासायची. जाऊ म्हणाली, "अंगात मीठ लई झालंय तिच्या, बंद कर." केलं. तिचं वरण वेगळं काढायची, अळणी.

शेवटी शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथली एक डॉक्टरीणबाई फवारणीच्या औषधांचा अभ्यास करत होती. तिनं लेकीचं रक्त घेतलं, घामही तपासायला घेतला.

"औषध लागलेलं नाही तिला," चार दिवसांनी ती म्हणाली. मालक तिथंच ढसाढसा रडले. मला काहीच वाटलं नाही. दुखणं जन्मापासूनचं होतं. त्यात छातीत चिकटा साचतो आणि घामावाटे अंगातलं मीठ निघून जातं.

मग डॉक्टरीणबाई आपल्या अभ्यासाचं सांगण्यात रमली. फवारणीच्या औषधानं घाम आणि पातळ बेडका सुटतो, म्हणे. त्याच जातीचं औषध बेतानं दिलं तर छातीतला चिकटा सुटून अशा लेकरांना काही गुण येईल का, हे बघायला पाहिजे, पण ठाम कुणालाच माहीत नाही.

माझं डोकं फिरलं. "काहून? अजून घाम काढता का तिचा?"

ती ओशाळली. "देत नाही हो, नुसतं सांगतेय. तुम्ही मीठ मात्र भरपूर द्या. उन्हाळ्यात तर जास्तच. अशी लेकरं मीठ मागून खातात."

व्हय, मागायची. मी देईना, तेव्हा बरणीतलं खडेमीठ चोरून चाटायची. मी उलथन्यानं तिच्या हातावर मारलं होतं, दोनदा. हे मी बाईला सांगितलं नाही. मालकांनाही कधी सांगितलं नाही.

घरी आल्यावर तिला मांडीवर घेतलं. तळहातावर मीठ घेऊन तिच्यापुढं धरलं. "खा, बाई."

तिनं मिठाकडं बघितलं, मग माझ्याकडं. दोन्ही हात पाठीमागं नेले आणि म्हणाली, "म्या न्हाई घेतलं, आई. खरंच न्हाई घेतलं."