चालकाशी बोलू नये

आमच्या घरी गाडी आली त्या दिवशी तिने पहिला फोन माझ्या मुख्याध्यापकांना लावला. खरं तर लावला आईने, पण आई ते आजही कबूल करत नाही.

नवी गाडी म्हटली की पूजा आलीच. आईने चाकांखाली लिंबं ठेवली, बॉनेटला हार घातला आणि वाटीत कुंकू कालवून स्वस्तिक काढायला जागा शोधू लागली. बाहेरचा रंग खराब होईल म्हणून बॉनेटवर नको, असं मीच म्हटलं होतं. मग तिला आत, स्टेअरिंगच्या शेजारी, पाटीएवढा काळाभोर गुळगुळीत चौकोन दिसला. इतकी कोरी जागा स्वस्तिकासाठी नाही तर कशासाठी ठेवली असेल, असं तिला वाटलं असावं. तो स्क्रीन आहे, माझा मोबाइल त्याला आपोआप जोडला जातो आणि बोट लागलं की तो कामाला लागतो, हे मी सांगेपर्यंत दोन रेघा ओढून झाल्या होत्या. तिसऱ्या रेघेला चारही दारांतून रिंग वाजू लागली. चौथ्या रेघेला गाडीतून भारदस्त आवाज आला, "हॅलो?"

आईने नम्रपणे विचारलं, "नारळ कुठं फोडू जी?"

"कोण? कसला नारळ?"

आईने गाडीला हात जोडले. मी शाळेत गणित शिकवतो, आणि त्या दिवशीचा रजेचा अर्ज तापाचा होता. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला आणि पेढे मागितले.

बाबा फाटकाशी उभे राहून हे सगळं बघत होते. ते हसले नाहीत. कोराडीच्या वीज केंद्राच्या वसाहतीतून नागपूर शहरात येणारी कर्मचाऱ्यांची बस त्यांनी तीस वर्षं चालवली. त्या बसमध्ये त्यांच्या डोक्यामागे पाटी होती, 'चालकाशी बोलू नये'. ती पाटी इतर बसमध्येही असते, पण बाबांच्या बसमध्ये ती अमलात येत असे. एकदा एका मोठ्या साहेबांनी त्यांना गाडी चालवताना मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायचा प्रयत्न केला. बाबांनी बस कडेला घेतली, इंजिन बंद केलं, पत्रिका घेतली, वाचली, अभिनंदन केलं, मग इंजिन सुरू केलं. चाळीस माणसं उशिरा पोचली, साहेबांसकट.

"हे गाडी बोलते?" त्यांनी मला विचारलं.

"हो. फोन आला तर सांगते, मेसेज वाचून दाखवते, रस्ताही सांगते."

"म्हंजे चालकाशीच बोलते," बाबा म्हणाले आणि घरात गेले.

गाडी मी घेतली ती बाबांसाठीच. त्यांच्या दोन्ही डोळ्यांचं दुखणं वाढलं होतं. धंतोलीतल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की डाव्या डोळ्याची नजर आता परत येणार नाही. उजवा मात्र वाचवता येईल, त्यासाठी दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन घ्यावं लागेल आणि एकही पाळी चुकवून चालणार नाही. डाव्याचं बाबांना सांगायचं नाही, असं मी आणि सावनेरला दिलेल्या माझ्या बहिणीने ठरवलं. बाबांचा स्वभाव माहीत होता. एक गेला म्हटल्यावर ते म्हणतील, मग दुसऱ्याचे लाड कशाला, आणि येणंच सोडतील. तेव्हा आम्ही दोघांनी तोंडाला कुलूप लावलं. तिसरं तोंड गाडीच्या रूपाने आपणच घरात आणलं आहे, हे माझ्या लक्षात आलं नाही.

मार्चच्या सुरुवातीला पहिल्या इंजेक्शनसाठी निघालो. बाबा माझ्या शेजारी ताठ बसले, मांडीवर रिपोर्टांची पिशवी. मानकापूरपर्यंत शाळेच्या ग्रुपवरचे सतरा सुप्रभात झाले. गाडी ते एकेक करून वाचत होती. प्रत्येक सुप्रभातनंतर ती "गुलाबाचं फूल, जोडलेले हात" असंही म्हणायची, कारण मेसेजमधली चित्रंसुद्धा ती सोडत नाही.

"बंद कर ना गा तिले," बाबा म्हणाले.

मी म्हटलं, "असू द्या, बाबा. समोर नजर असली की झालं." हे वाक्य मी स्क्रीनकडे बघत म्हटलं होतं.

सदरच्या अलीकडे बहिणीचा मेसेज आला. माझी बहीण मराठीची शिक्षिका. तिच्या मेसेजमध्ये स्वल्पविराम जागच्या जागी असतात, त्यामुळे गाडीला वाचायला काही म्हणता काही अडचण आली नाही. बातम्या द्याव्यात तशा खणखणीत आवाजात तिने सुरू केलं, "दादा, बाबांचा डावा डोळा गेला, हे त्यांना अजून कळू देऊ नकोस."

माझं बोट स्क्रीनकडे धावलं. आवाज कमी करायचं बटण कुठे असतं ते मला माहीत होतं, पण त्या क्षणी तिथे नकाशा होता. मी नकाशा सरकवला तर एफएम लागलं. एफएमवरून मागे गेलो तर गाडी पुढचं वाचू लागली, "आईलाही सांगू नकोस. रडणारा चेहरा. रडणारा चेहरा. जोडलेले हात."

"ब्रेक!" बाबा ओरडले.

मी ब्रेक दाबला. बाबांनीही दाबला, त्यांच्या बाजूच्या पायपुसणीवर, दोन्ही पायांनी. आमच्या काचेपासून हातभर अंतरावर एक ई-रिक्षा होती आणि तिच्यात दोरीने बांधलेला भला मोठा कूलर. त्याच्या जाळीतला वाळा थेट माझ्या तोंडासमोर आला होता. उन्हाळ्याआधी कूलर दुरुस्तीला नेणारं अर्धं नागपूर त्या दिवशी रस्त्यावर होतं. त्यातला एक मी फोडणार होतो. कूलरवाल्याला धरून.

बाबांनी रिपोर्टांची पिशवी उचलली.

"मले दिसलं ते एका डोळ्यानं," ते म्हणाले. "तुले दोन डोळ्यानं काहून नाही दिसलं?"

बाबा दार उघडून उतरले, ई-रिक्षावाल्याशी दोन शब्द बोलले आणि कूलरशेजारी, मागे तोंड करून बसले. रिक्षा निघाली. मी तिच्या मागे. सदरपासून धंतोलीपर्यंत बाबा माझ्यासमोर होते, कूलरच्या खांद्यावर हात टाकून, माझ्याकडे एकटक बघत. मध्येच गाडीने मला कळवलं की पुढे वाहतूक संथ आहे.

मला इतकी लाज वाटली की दवाखान्यात मी त्यांच्यापासून दोन खुर्च्या सोडून बसलो. थोड्या वेळाने तेच सरकून जवळ आले.

"डावा गेला ते मले दिवाळीपासून माहीत हाय," ते हळूच म्हणाले. "बशीत चहा ओततो त ओट्यावर जाते. तुह्या मायले नको सांगू. ते घाबरन."

मी मान डोलावली. आईला ते आधीच माहीत होतं. ओटा तीच पुसत होती. तिनेच मला बजावलं होतं की ह्यांना कळू देऊ नका. एवढंच की मी बहिणीला, आईला कळलंय हे सांगितलं नव्हतं. आमच्या घरात प्रत्येकाला सगळं ठाऊक होतं आणि प्रत्येक जण दुसऱ्याला जपत होता.

"उजव्याचं इंजेक्शन घ्यायचं ना मग?" मी विचारलं.

"घेतो. दर महिन्याले घेतो. पण तुह्या गाडीत नाही येत. बसनं येतो."

परतताना मात्र त्यांना इलाज नव्हता. उजव्या, म्हणजे चांगल्या डोळ्यावर पट्टी होती. मी फोन बंद करून मागच्या सीटवर टाकला. घर जवळ आल्यावर त्यांनी विचारलं, "बंद हाय का ते?" हो म्हटलं तर त्यांचा विश्वास बसेना. त्यांनी चाचपडत हात पुढे केला, स्क्रीनवर पंजा ठेवला आणि एफएम लागलं. एवढ्या मोठ्याने लागलं की फाटकाशी आई पळत आली.

पुढचा महिना माझ्या छातीवर दगड ठेवल्यासारखा गेला. एक डोळा नसलेला, हट्टी, बहात्तर वर्षांचा माणूस एकट्याने बसने धंतोलीला जाणार आणि दुसऱ्या डोळ्यावर पट्टी बांधून एकट्याने परत येणार. समजावून झालं, चिडून झालं. मी त्यांच्यासोबत बसने येतो म्हटलं तर म्हणाले, "शाळा कोण पाहीन? तुले काय पुन्हा ताप येते?"

तोड काढली आईने. आईचा एक जुना स्वभाव आहे. घरात जी वस्तू येईल तिला ती क्रोशाचं आवरण विणते. टीव्हीला आहे, मिक्सरला आहे, इन्व्हर्टरलासुद्धा आहे. एका सकाळी मी गाडीत बसलो तर स्क्रीनवर पांढऱ्या दोऱ्याचं दाट विणीचं आवरण, मध्ये लाल मोर, खाली झालर. वर दोन इलास्टिकच्या पट्ट्या, मागून घट्ट ओढलेल्या. झालर गिअरपर्यंत येत होती.

बाबांनी ते बाहेरून पाहिलं, मग आत बसून पाहिलं. मोराला बोट लावलं. काही वाजलं नाही.

"फोन?" ते म्हणाले आणि हात पुढे केला. मी दिला. त्यांनी तो सदऱ्याच्या खिशात टाकून वर बटण लावलं. "चाल."

त्या दिवशी धंतोलीपर्यंत खिशात फोन सोळा वेळा तरी थरथरला असेल. बाबा छातीवर हात ठेवून बसले, पण एका अक्षराने बोलले नाहीत. मी रस्ता पाहत होतो. कोराडी रोडला एवढी कडुनिंबाची झाडं आहेत, हे मला त्या दिवशी कळलं.

एक अडचण राहिली होती. गाडी मागे घेताना मागचं दिसतं ते त्याच स्क्रीनवर. दवाखान्याच्या गल्लीत जागा मिळाली ती भिंत आणि एका खांबाच्या मधली, मागे घेऊनच लावायची. मी मोराकडे पाहिलं. बाबांनी दार उघडलं.

"मी पाहतो," ते म्हणाले.

बसच्या दिवसांत त्यांचा कंडक्टर जसा मागे उभा राहून पत्र्यावर थाप मारायचा, तसे ते गाडीच्या मागे जाऊन उभे राहिले. थाप पडली. "येऊ दे. येऊ दे. येऊ दे." गाडी टूं टूं करत होती. ती ओरडत होतीच, पण ती सगळ्यालाच ओरडते. झालरीचं टोक माझ्या बोटापासून वीतभर होतं. ते उचललं की खांब दिसला असता. तीस वर्षांत एक ओरखडा न पाडणारा माणूस मागे उभा राहून मला येऊ दे म्हणत होता. मी झालर उचलली नाही.

"येऊ दे, येऊ दे..."

खट्ट.

थाप थांबली. बाबा माझ्या खिडकीशी आले. "लागली का गा?"

"नाही, बाबा," मी म्हटलं. "खालचा दगड होता."

ते पुन्हा मागे गेले. आरशात ते मला दिसत होते. त्यांनी वाकून बंपरवरून तळवा फिरवला, टायरची हवा बघावी तसा, सावकाश. डाव्या कोपऱ्यापाशी तळवा थांबला. मग ते परत खिडकीशी आले. या वेळी आवाज चढवला नाही.

"हेबी मले गाडीनंच सांगाचं काय?"

मी इंजिन बंद केलं. "लागली, बाबा," मी म्हटलं. "डावीकडून. खांबाला."

"डावीकडून," ते म्हणाले. थोडा वेळ खांबाकडे मान वळवून उजव्या डोळ्याने पाहत राहिले. मग खिशाचं बटण काढून फोन माझ्या हातात दिला. "चाल. आपला नंबर लागला असन."

मी गाडीला वळसा घालून त्यांच्या डाव्या बाजूला गेलो आणि तिथून त्यांचा हात धरला. त्यांनी तो सोडवला नाही.