सिरदारभाऊंची फळी

सिरदारभाऊ कुठेही गेले की आधी माणसं मोजत. लग्नाच्या पंगतीत, एसटीत, अगदी मयतीलासुद्धा. माजरीकडच्या कोळसाखाणीत त्यांनी सिरदारकी केली होती, म्हणजे पाळीतल्या प्रत्येक कामगाराच्या जिवाची जबाबदारी त्यांच्यावर असे. खाली उतरणाऱ्याला पत्र्याचा बिल्ला मिळे, वर आला की तो फळीवरच्या खिळ्याला परत लागे. एकही खिळा रिकामा असेतोवर भाऊ घरी जात नसत.

परदेशातला अणुकचरा आणून आमच्या गावाशेजारच्या बंद खाणीत पुरणार अशी बातमी आली, तेव्हा तशीच एक फळी ठोकून ते चंद्रपूरला कलेक्टर कचेरीसमोर धरण्याला बसले. सकाळी येणाऱ्याला बिल्ला द्यायचा, संध्याकाळी मोजून परत घ्यायचा. मी गावातली शाळामास्तरीण, फलक रंगवण्यात पुढे. एकदा चिडवलं, "भाऊ, इथं कोण दबून मरणार आहे?"

"त्या खाणीचं पाणी अन् आपल्या विहिरीचं पाणी एकच हाये, बाई. आपन सारेच खाली हाओ."

साहेब म्हणत, असा काही विचारच नाही. भाऊ म्हणत, "मंग तसं लिहून द्या ना." ते लिहून कोणी देईना. सुरुवातीला बिल्ले कमी पडले होते. दुसऱ्या उन्हाळ्यात आम्ही सात-आठ जण उरलो. खरं सांगते, मी विटले होते. उन्हाला, भाषणांना आणि भाऊंच्या त्या मोजणीलाही.

त्यातच माझी लांब मुलचेऱ्याला बदली झाली. एका दुपारी पाणी पिऊन येते म्हणून उठले, ती थेट स्टँडवर गेले. निरोप घ्यायला तोंड नव्हतं. बिल्ला पर्समध्येच राहिला.

तीन वर्षांनी भाऊ गेल्याचं कळलं, तेव्हा त्यांच्या घरी गेले. कचरा आला नव्हता, लेखी उत्तरही आलं नव्हतं. भाऊंच्या बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि भिंतीकडे बोट केलं. फळीवर एक सोडून सगळ्या खिळ्यांना बिल्ले होते.

"बाकीचे सारे उठले, पन हे एकटेच जाऊन बसत. म्या म्हनलं, पुरे करा आता. तं म्हनत, बाई अजून वर आली नाई, कसा उठू?"

पर्समधला बिल्ला काढून मी खिळ्याला लावला. मोजायला भाऊ नव्हते.